रक्ताला आवर घालणारे प्रथिन

बोट कापले की रक्त वाहते आणि थोड्याच वेळात गोठून थांबते, हा सर्वांच्या परिचयाचा अनुभव. मात्र हेच रक्त शिरेच्या आत विनाकारण गोठू लागले, तर अनर्थ ओढवतो. पायाच्या शिरेतील गुठळी सुटून फुप्फुसात अडकली, तर धडधाकट माणूसही दगावू शकतो. म्हणूनच गोठवणाऱ्या द्रव्यांबरोबर त्यांना आवर घालणारी प्रथिनेही रक्तात वावरत असतात. त्यांपैकी ‘प्रोटीन सी’चा परिचय येथे करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

हे नाव १९७६ साली स्वीडनमधील योहान स्टेनफ्लो यांनी दिले. गाईच्या रक्तद्रवातील प्रथिने वेगळी करताना हे तिसऱ्या म्हणजे ‘सी’ गटात उतरले, एवढाच त्या नावाचा अर्थ. पुढे १९८१ साली अमेरिकेतील जॉन ग्रिफिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी वारंवार गुठळ्या होणाऱ्या एका कुटुंबात हे प्रथिन निम्म्याच्या आसपासच असल्याचे दाखविले. आईवडिलांपैकी एकात हा दोष असल्यास प्रत्येक अपत्यात तो उतरण्याचा संभव निम्मा असतो.

त्याचे मोजमाप मोठे कौतुकास्पद आहे. नऊ भाग रक्तात एक भाग सायट्रेट घालून ते गोठू देत नाहीत. नळी यंत्रात वेगाने फिरविली की वर पिवळसर रक्तद्रव राहतो. त्यात अमेरिकेतील कॉपरहेड नावाच्या सर्पाच्या विषातून काढलेले द्रव्य मिसळतात. त्याने निद्रिस्त प्रथिन जागे होते आणि सोबत घातलेल्या कृत्रिम पदार्थाचे तुकडे करून पिवळा रंग मोकळा करते. रंग जितका गडद, तितके प्रथिन कार्यक्षम. अनेक निरोगी व्यक्तींच्या एकत्रित रक्तद्रवाचे प्रमाण १०० धरून तुलना करतात. प्रौढांत साधारणतः ७० ते १४० हा आकडा समाधानकारक मानतात. प्रथिन पुरेसे असूनही निकामी असू शकते, म्हणून आधी कार्य आणि मग गरजेनुसार परिमाण मोजतात.

तथापि आकडा कमी आला म्हणजे जन्मजात दोष ठरला, असे नव्हे. हे प्रथिन यकृतात ‘के’ जीवनसत्त्वाच्या साहाय्याने तयार होते. वॉर्फरिनच्या गोळ्या नेमके तेच साहाय्य तोडतात. ताजी गुठळी किंवा यकृताचा विकार असतानाही प्रमाण घटते. तान्ह्या बाळांत तर ते स्वभावतःच कमी असते. अशा वेळी केलेल्या एकाच तपासणीवरून एखाद्या तरुणीच्या माथी आयुष्यभराचा शिक्का बसावा, तिच्या भावंडांनाही धास्ती लागावी, हे योग्य नाही. शिवाय दोष असूनही अनेकांना जन्मभर गुठळी होत नाही.

यास्तव आमच्या वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते : तपासणीपूर्वी चालू औषधे, अलीकडचे आजार व घरातील गुठळ्यांचा पूर्वेतिहास डॉक्टरांना अवश्य सांगावा. तपासणीसाठी म्हणून गोळ्या आपल्या मनाने कदापि बंद करू नयेत. आकडा कमी आल्यास योग्य काळ लोटल्यावर तपासणी पुन्हा करून घ्यावी. दोष निश्चित झाल्यास मात्र गर्भारपण, शस्त्रक्रिया आणि संततिनियमनाच्या गोळ्या यांपूर्वी त्याची आठवण डॉक्टरांना न चुकता द्यावी. त्या वेळी घेतलेली खबरदारी जीव वाचवू शकते.