मधले दिवस
(लेखमाला : पाळणा लांबवताना, लेखांक 4)

नवरा मुंबईत नोकरीला आणि बायको गावी, ही कोकणातल्या कितीतरी घरांची जुनी रीत. चाकरमानी गणपतीला येतो, शिमग्याला येतो. मधले महिने गर्भनिरोधक गोळ्या कशाला घ्यायच्या, असा बाईचा सरळ हिशेब असतो आणि पाकीट फळीवर पडून राहते. गणपतीच्या आदल्या संध्याकाळी तो दारात आला की ती पुन्हा पहिली गोळी घेते. पण पाळीच्या चक्राच्या मध्येच गोळी सुरू केली, तर तिचा भरवसा धरायला सलग सात दिवस जावे लागतात. रजा अनेकदा तेवढीच असते.

नको असताना दिवस राहिले की 'साधन वापरले नसेल' असे म्हणून लोक मोकळे होतात. प्रत्यक्षात त्यांतल्या अनेक जणींनी साधन वापरलेले असते, पण ते मध्येच सुटलेले असते. 'द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मधील अभ्यासानुसार 2015 साली भारतात सुमारे 4 कोटी 81 लाख गर्भधारणा झाल्या आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या अनियोजित होत्या.

साधन का सुटते? जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये 36 देशांतील माहितीवर आधारलेला अभ्यास पुढे ठेवला. मूल इतक्यात नको असूनही साधन सोडणाऱ्या दोन तृतीयांश स्त्रियांच्या बाबतीत तीन कारणे दिसली : दुष्परिणामांची भीती, तब्येतीची काळजी आणि 'आपल्याला आता दिवस जायचे नाहीत' हा समज.

यातली पहिली दोन कारणे समजून घ्यायची तर 'माला-एन'चे पाकीट हातात घ्यावे. त्यात 28 गोळ्या असतात. 21 पांढऱ्या, संप्रेरकांच्या. उरलेल्या सात तपकिरी, लोहाच्या. सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत मळमळते, मध्येच डाग दिसतात आणि बहुतेक जणींचा हा त्रास पुढे कमी होतो. हे आधी कोणी सांगितलेच नाही, तर डाग दिसताच बाई घाबरते आणि पाकीट कचऱ्यात जाते.

'अंतरा' इंजेक्शनचे असेच होते. दर तीन महिन्यांनी घ्यायच्या या इंजेक्शनाने पाळी अनियमित होते, काहींची थांबतेही. 'रक्त आत साचतेय' ही धास्ती मग घरात शिरते. मुळात या औषधामुळे गर्भाशयाचे अस्तर पातळ राहते, त्यामुळे साचायला काही नसतेच. पण चार वाक्यांचा हा खुलासा पहिल्या सुईआधी झाला तर उपयोग. सासूबाई आणि शेजारणी बोलून झाल्यावर तो कोणाला पटत नाही.

देशाने हा धडा एकदा मोठी किंमत देऊन घेतलेला आहे. तांबी येण्यापूर्वी, 1965 साली, कुटुंबनियोजन कार्यक्रमात गर्भाशयात बसवायचा 'लूप' आला. पहिली दोन वर्षे दरवर्षी आठ-नऊ लाख स्त्रियांना तो बसवला गेला. अंगावरून जास्त जाऊ लागले, पोटात कळा येऊ लागल्या. समजावून सांगायला आणि पुन्हा तपासायला मात्र पुरेशी माणसे नव्हती. अफवांनी उरलेले काम केले. 1968-69 पर्यंत हा आकडा पाच लाखांच्या खाली घसरला.

बायका अडाणी म्हणून साधन सोडतात, हा समज त्यामुळेच टाकून द्यायला हवा. त्रास खरा असतो आणि तो सोसायचा की नाही, हे ठरवायचा हक्क तिचाच आहे. ज्युडिथ ब्रूस आणि अनिरुद्ध जैन या अभ्यासकांनी 1990 च्या सुमारास सेवेच्या दर्जाची जी चौकट मांडली, तिच्या केंद्रस्थानी निवड, माहिती आणि पाठपुरावा होता. आजही सेवा जोखताना बाईला तीन प्रश्न विचारतात. दुसरी साधने सांगितली का? दुष्परिणाम सांगितले का? त्रास झाल्यास काय करायचे ते सांगितले का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) साधन वापरणाऱ्या 62.4 टक्के स्त्रियांना दुष्परिणामांची माहिती कधी ना कधी मिळाली होती. आधीच्या फेरीत हे प्रमाण 46.5 टक्के होते. सुधारणा मोठी आहे, तरी दर दहांतल्या जवळपास चौघी अजून अंधारातच आहेत.

महाराष्ट्रात याला आणखी एक पदर आहे. इथल्या 15 ते 49 वयोगटातल्या विवाहित स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या जणींचे ऑपरेशन झालेले आहे. पुरुष नसबंदी एक टक्काही नाही. म्हणजे गोळी, तांबी, इंजेक्शन यांच्यावर विसंबून असतात त्या मुख्यतः तरुण, पहिल्या-दुसऱ्या मुलामध्ये अंतर ठेवू पाहणाऱ्या मुली. त्यांचेच साधन सुटते, आणि घरात मोकळेपणाने बोलायची सोयही त्यांनाच कमी असते.

साधन सोडण्यात गैर काही नाही. धोका आहे तो एक साधन सुटून दुसरे सुरू होईपर्यंतच्या मधल्या दिवसांत. गोळी थांबवल्यावर काही आठवड्यांतच स्त्रीबीज पुन्हा सुटू लागते. तांबी काढली की लगेच गर्भ राहू शकतो. अंगावर पाजणाऱ्या आईला पाळी येण्याच्या आधीही दिवस जाऊ शकतात, कारण स्त्रीबीज पाळीच्या आधी सुटते. बाळ सहा महिन्यांचे झाले किंवा त्याला वरचे दूध सुरू केले, की अंगावरच्या दुधाचा भरवसा संपतो.

म्हणून एखादे साधन सोसत नसेल तर जरूर बंद करावे, पण त्याआधी आशाताईला किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरला गाठून पुढचे साधन ठरवावे. आणि ते सुरू होऊन लागू पडेपर्यंत निरोध वापरण्याची जबाबदारी नवऱ्याने घ्यावी.