मुलानं सोल्डरिंग आयर्न मागितलं तर?

मैत्रिणींनो, मुलांच्या मागण्या तुम्हांला नव्या नाहीत. कधी बॅट, कधी सायकल, कधी मोबाइल. पण गेल्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराला आमच्या चिरंजीवांनी मागितलं ते सोल्डरिंग आयर्न! त्याच्या इलेक्ट्रिक गिटारमधली एक वायर आतून सुटली होती. आम्ही सोलापूरच्या भवानी पेठेत राहणारे. आजूबाजूला मागांचा खडखडाट, त्यात ही गिटार. ती मुकी झाली तेव्हा ‘सुंठीवाचून खोकला गेला’ असं मनात आलं, खोटं कशाला बोलू! पण पोराचा चेहरा बघवेना.

ह्यांनी ‘चांगलं दणकट’ म्हणून ६० वॅटचं साधं आयर्न आणलं. गिटार वाजू लागली. पण आवाज बदलण्यासाठी पायाशी ठेवायची छोटी पेटी असते ना, पेडल, तिच्यात आयर्न जरा जास्त वेळ टेकलं आणि आतल्या पट्टीवरचा तांब्याचा पापुद्राच उचलला गेला. त्याहून वाईट म्हणजे हे सारं चाललं होतं स्वयंपाकाच्या ओट्यावर, धाकटीच्या दूधभाताच्या वाटीशेजारी! तेव्हा मी पदर खोचला आणि विषय नीट समजून घेतला.

सोल्डरिंग म्हणजे आपलं डाख देणंच. नेहमीच्या सोल्डरच्या तारेत ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं असतं. १८३ ते १९० अंश सेल्सिअसला ती वितळते.

मग आयर्न किती वॅटचं घ्यावं? गॅसच्या शेगडीवरून बघा. लहान बर्नरवर फोडणी छान होते, पण पुरणाचं मोठं पातेलं लवकर तापत नाही. मोठ्या बर्नरवर फोडणी करपते. पेडलमधले बारीक सांधे म्हणजे फोडणी. गिटारच्या आवाजाच्या बटणाखाली पत्र्याची डबी असते, ते पातेलं. तिच्या पाठीवर वायर जोडताना ती सारी उष्णता ओढून घेते. साधं २५ वॅटचं आयर्न पेडलला पुरतं, डबीपाशी मात्र हात टेकतं. दोन्ही कामं करायची असतील तर ५०-६० वॅटचं, पण तापमान कमीजास्त करता येणारं आयर्न घ्यावं. ते ३५० अंशांच्या आसपास ठेवलं की बहुतेक कामं होतात.

दुकानात आणखी काय बघाल? प्लग तीन पिनांचा हवा. टोक बदलता येणारं, छिन्नीसारखं चपटं, दोन-तीन मिलिमीटर रुंद असावं. सुईसारख्या टोकातून उष्णता नीट पोचत नाही. सोबत स्टँड घ्याच. सोल्डरची तार बारीक आणि पोटात रोझिन असलेली मागा. कल्हईचा नवसागर किंवा नळकामाचं आम्लाचं मलम इथे चालत नाही. त्यानं तांबं गंजतं. आणि हो, टोकालाही कल्हई लागते बरं का! काम संपताना त्यावर थोडं सोल्डर राहू द्यावं, म्हणजे टोक काळं पडत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. एवढ्या उष्णतेत शिशाची वाफ फारशी होत नाही; ते पोटात जातं ते हातांवाटे. लहान मुलांच्या मेंदूला शिसं फार घातक. म्हणून खाण्यापिण्याच्या जागेपासून दूर, वेगळ्या पाटावर काम करावं, पाट ओल्या फडक्यानं पुसावा, हात साबणानं धुवावेत. शिसं नसलेलं सोल्डरही मिळतं. त्याला तीस-चाळीस अंश जास्त उष्णता लागते, एवढंच. धूर असतो रोझिनचा. दम्याच्या माणसाला तो बाधतो, तेव्हा खिडकी उघडी हवी. आणि अँप्लिफायर मात्र मुलांना उघडू देऊ नका. प्लग काढल्यावरही आत वीज साठून राहते.

आता गच्चीवरच्या खोलीत चिरंजीवांचा कारखाना चालतो. मागांच्या खडखडाटावर गिटारही ऐकू येते. वाजू दे बापडी. ओटा तेवढा माझा!