पडदा गावातच लागतो तेव्हा

मदतीसाठी काढलेल्या माहितीपटाचा रस्ता ठरलेला असतो. दुष्काळ, पूर किंवा युद्ध असेल तिथे कॅमेरा जातो आणि तिथून निघालेली चित्रफीत दूरच्या शहरातल्या सुखवस्तू माणसांसमोर दाखवली जाते. रेड क्रॉसने १९२१ सालीच असे मूकपट काढले होते. रशियातल्या भीषण दुष्काळासाठी नॉर्वेचे ध्रुवसंशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन युरोपभर मदत मागत फिरले, तेव्हा त्यांच्याबरोबरही दुष्काळाची चित्रं होती. त्या चित्रांनी जीव वाचवले, ही मोठीच गोष्ट. पण ज्यांच्यावर कॅमेरा रोखला होता, ती माणसं प्रेक्षकांत कुठेच नव्हती. हा रस्ता उलटा फिरवला तर काय होतं? याचं उत्तर मला आजही थक्क करतं.

१९६७ साल. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यापलीकडचं फोगो बेट. दहाएक वस्त्या, पाच हजारांच्या आसपास माणसं. किनाऱ्याजवळची मासेमारी मोडकळीला आली होती, कितीतरी घरं सरकारी भत्त्यावर चालत होती आणि लोकांना बेटावरून उठवून दुसरीकडे वसवण्याचं घाटत होतं. वस्त्यांचं आपसांत फारसं येणंजाणं नव्हतं, चर्चही वेगवेगळी. अशा ठिकाणी कॅनडाच्या सरकारी नॅशनल फिल्म बोर्डाचे दिग्दर्शक कॉलिन लो १६ मिलिमीटरचा कॅमेरा घेऊन उतरले. त्यांना तिथे आणण्यात मेमोरियल विद्यापीठाच्या विस्तार विभागाचे डोनाल्ड स्नोडेन यांचा पुढाकार होता.

लो यांनी पुढे जे केलं त्याची खरी गंमत संकलनाच्या टेबलावर आहे. नेहमीचा माहितीपट कसा जुळवतात? एक जण म्हणतो, सरकारने आमच्यासाठी काहीच केलं नाही. लगेच कापून दुसरा येतो आणि म्हणतो, लोकच आळशी आहेत. दोघांनीही आपलं मनापासून सांगितलेलं असतं, पण शेजारी शेजारी लावल्याने पहिला खोटा ठरतो किंवा दुसरा दुष्ट. निवाडा संकलकाने दिलेला असतो आणि प्रेक्षकाला वाटतं, तो आपणच दिला. शहरातल्या चित्रपटगृहात हे खपून जातं. पण ते दोघे एकाच बेटावर राहत असतील आणि पडदा तिथेच लागणार असेल, तर भांडण पेटायला वेळ लागत नाही.

म्हणून लो यांनी एका मोठ्या माहितीपटाचा नाद सोडला आणि २५हून अधिक छोटे माहितीपट केले. एक माणूस किंवा एक प्रसंग, की एक माहितीपट. कुणाचं बोलणं दुसऱ्याच्या बोलण्यावर आपटायचं नाही. शिवाय एक अट फार मोलाची होती: जो पडद्यावर आहे त्याने आधी बघायचं आणि त्याने होकार दिल्याशिवाय ते इतरांना दाखवायचं नाही.

मग बेटावर ठिकठिकाणी प्रोजेक्टर लागला. सभेत जो माणूस कधी तोंड उघडत नाही, तो आपल्या घरात बसून निवांत बोललेला होता आणि आता ते सगळं गाव ऐकत होतं. पलीकडच्या वस्तीतला कोळी आपलीच अडचण आपल्याच शब्दांत सांगतोय, हे लोकांना पहिल्यांदा दिसलं. पुढे हे माहितीपट प्रांताच्या राजधानीत मंत्र्यांना दाखवले गेले. मत्स्योद्योगमंत्र्यांनी कॅमेऱ्यासमोर उत्तर दिलं आणि ते उत्तरही बेटावर आणून दाखवलं गेलं. १९६७ सालची ही गोष्ट आहे, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा बजावते. बेटवासीयांनी सहकारी संस्था काढली, मोठ्या बोटी बांधल्या, आणि बेट रिकामं झालं नाही. सगळं श्रेय माहितीपटांचं नाही. लोकांची सुधारणा समिती आधीपासून झटत होती. माहितीपटांनी विखुरलेल्या वस्त्यांना एकमेकींचं ऐकायला लावलं, आणि ते काम दुसऱ्या कशाने इतक्या लवकर झालं असतं असं मला वाटत नाही.

फोगोवर कॅमेरा मात्र पाहुण्यांच्याच हातात होता. व्हिडिओ आल्यावर तोही अडसर गेला. १९८४ साली अहमदाबादेत इला भट्ट यांच्या ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेतल्या सभासद व्हिडिओ शिकल्या. त्यांतल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं.

असंच आणखी एक ठिकाण आहे. सोलापूरहून हैदराबादला जाताना वाटेत झहीराबाद लागतं. त्याच्याजवळ पस्तापूर इथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या स्वयंसेवी संस्थेचं काम आहे. तिचे एक संस्थापक पी. व्ही. सतीश आधी दूरदर्शनचे निर्माते होते. त्यांच्या पुढाकाराने दलित शेतकरी बायका चित्रीकरण शिकल्या. कॅमेरा खाली ठेवून वर रोखला की माणूस थोर दिसतो, वरून खाली रोखला की लहान दिसतो, हा चित्रपटकलेचा पहिला धडा. या बायकांनी तो जन्मभर अंगावर झेललेला होता, म्हणून शॉटना त्यांनी आपली नावं दिली. आपण जमिनीवर आणि मालक, म्हणजे पटेल, उंचावर, तो झाला ‘पटेल शॉट’. मालकाला आपण दिसतो तसा, वरून घेतलेला, तो गुलामाचा शॉट. आणि डोळ्याला डोळा भिडवून समान उंचीवरून घेतलेला तो ‘संघम शॉट’, कारण त्यांच्या संघममध्ये, म्हणजे गावातल्या बायकांच्या गटात, सगळ्या एका पातळीवर बसतात. देणगीसाठी केलेली कुठलीही चित्रफीत पाहताना आता मी सगळ्यात आधी कॅमेऱ्याची उंची बघते. उपाशी मुलाकडे वरून पाहणारे शॉट किती आहेत, हे कळलं की वाईट वाटतं.

२००२ साली भारतात बीटी, म्हणजे जनुकं बदललेल्या, कापसाला परवानगी मिळाली, तेव्हा या बायकांनी वारंगळच्या शेतकऱ्यांच्या शेतांवर जायला सुरुवात केली. पेरणीला गेल्या, बोंडं धरताना गेल्या, वेचणीला गेल्या, आणि पुढच्या वर्षी त्याच शेतांवर परत गेल्या. असं तीन हंगाम चाललं. बाहेरून येणाऱ्या चमूला इतका वेळ परवडत नाही, आणि शेताच्या बांधावर काय विचारायचं तेही ठाऊक नसतं. पुढे कापसाचाच माग काढत त्या दक्षिण आफ्रिका आणि मालीत पोचल्या आणि तिथल्या शेतकऱ्यांचं म्हणणं त्यांनी आपल्या कॅमेऱ्यात टिपलं.