रात्री दहाचे ताट

डॉक्टरांनी दंडावरचा पट्टा सोडला, दोन मिनिटे थांबून पुन्हा बांधला, पुन्हा फुगा दाबला आणि या खेपेला आकडा मोठ्याने सांगितला. १६४, १०२. ही २०१७ च्या पावसाळ्यातली गोष्ट. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होतो. तंबाखू नाही, दारू नाही, वजन चार-सहा किलो जास्त, एवढेच. आता ‘हे खाऊ नका, ते खाऊ नका’ अशी यादी मिळणार, या तयारीने मी बसलो होतो. डॉक्टरांनी विचारले, “रात्री जेवता किती वाजता?”

“दहा. कधी सव्वादहा.”

“आणि झोपता?”

“अकराला. पहाटे सव्वापाचला उठावं लागतं ना.”

“मग दुपारच्या डब्यापासून रात्री दहापर्यंत पोटात काय जातं?”

मी शेजारी बसलेल्या सौ.कडे पाहिले. स्टेशनबाहेरचा वडापाव तिला ठाऊक नव्हता. एक नव्हे, दोन. शिवाय ऑफिसातले पाच चहा आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचे फरसाण. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, मीठ कमी करायला सांगितले आणि उठता उठता म्हणाले, “तुमच्या गाडीतले सगळे असेच जेवतात. माझ्याकडे निम्मे तेच येतात.”

घरी येताना मी मनाशी हिशेब केला. डोंबिवली ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस अठ्ठेचाळीस किलोमीटर. घर ते स्टेशन, गाडीची वाट, प्रवास, पुढची चाल मिळून जायला दोन तास, यायला दोन. १८५३ साली बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले. तेव्हापासून या पट्ट्यातल्या स्वयंपाकघरांचे घड्याळ हळूहळू रेल्वेच्या हाती गेले. बायकांच्या डब्यात मटार सोलणाऱ्या, मेथी निवडणाऱ्या बायकांचे फोटो वर्तमानपत्रांत नेहमी येतात आणि पाहणाऱ्याला त्याचे कौतुक वाटते. मला आता त्यात एवढेच दिसते की त्या भाजीला चूल लागायला नऊ वाजणार आहेत.

आणि प्रवास तरी कसा? ऐन गर्दीच्या वेळी डब्यात एका चौरस मीटर जागेत चौदा ते सोळा माणसे उभी असतात. त्यासाठी रेल्वेच्या परिभाषेत खास शब्द आहे, ‘सुपर डेन्स क्रश लोड’. तिथे माणसाचे शरीर जे करते ते वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवले आहे. संकट दिसले की शरीर झुंजायला किंवा पळायला सज्ज होते. अॅड्रिनलिन उसळते, हृदय जोरात चालते, रक्तदाब चढतो, पचनाचे काम बाजूला पडते. पुढे १९३६ साली हान्स सेल्ये यांनी दाखवले की कारण कुठलेही असो, सततच्या ताणाला शरीर ठरावीक तऱ्हेनेच उत्तर देते आणि ते फार दिवस चालले की इंद्रिये झिजतात. जंगलात वाघ निघून गेला की हरिण पुन्हा चरू लागते. आमचा वाघ रोज दोनदा येतो, सकाळी अप दिशेने आणि संध्याकाळी डाऊन.

मात्र सगळेच ताणाच्या खाती टाकू नये, हेही मी शिकलो. पोटातला अल्सर काळजीने होतो, असे आमच्या लहानपणी डॉक्टरसुद्धा सांगत. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये विशिष्ट जिवाणूंचे द्रावण स्वतःच पिऊन जठराला सूज आणून दाखवली. ते आणि रॉबिन वॉरन यांना त्या शोधाबद्दल २००५ चे नोबेल मिळाले. बहुसंख्य अल्सरमागे हा जिवाणू किंवा वेदनाशामक गोळ्या असतात. त्यामुळे पोट दुखले की ‘टेन्शन आहे हो’ म्हणून सोडून देणे धोक्याचेच.

माझा रक्तदाब काही जिवाणूने चढवला नव्हता. आम्ही आहारशास्त्राच्या मागे लागलो. ते वर्ष २०१८ चे होते आणि मराठी घराघरांत तेव्हा दोन पक्ष पडले होते. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांवर आधारलेली डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत एकीकडे आणि दर दोन तासांनी थोडे थोडे खा म्हणणाऱ्या ऋजुता दिवेकर दुसरीकडे. डोंबिवलीत तर लग्नाच्या पंगतीतही वाद रंगत. आमच्या घरात मी दीक्षितांकडे गेलो, मुलगी दिवेकरांकडे, आणि आईने जाहीर केले की ती आयुष्यभर चार वेळा जेवली आहे व यापुढेही जेवेल.

याचा अर्थ स्वयंपाकघरात काय होतो, हे तिघांपैकी कोणाच्याच ध्यानात आले नाही. सौ. ठाण्याला नोकरी करते. ती साडेचारला उठून माझे बिनमिठाचे, मुलीचे छोटे छोटे पाच डबे आणि आईची मऊ खिचडी करू लागली. दीड महिन्याने एका सकाळी पोळपाटावरचे लाटणे तसेच ठेवून ती म्हणाली, “अहो, तुमचं पथ्य म्हणजे माझी तिसरी नोकरी झालीय.” आवाज चढवून नव्हे, अगदी साधेपणाने. मी तेव्हा हसलो. ते हसणे आता आठवले की बरे वाटत नाही.

पथ्य मोडले. त्याच सुमारास मी आणखी एक शहाणपणा केला. आकडा १४० वर आला म्हणून गोळी आपल्या मनाने बंद केली. तीन आठवड्यांनी डोके ठणकायला लागले तेव्हा डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, “आकडा उतरला तो गोळीनं. भिंत टेकूवर उभी असताना टेकू काढून बघतं का कोणी?”

मग मार्च २०२० मध्ये लोकल थांबली. त्या दिवसांविषयी बरे काही बोलणे चुकीचे वाटावे, इतके दुःख आजूबाजूला होते. आमच्याच गल्लीतली तीन माणसे गेली. पण जे घडले ते सांगायला हवे. प्रवासाचे चार तास एकदम हातात आले. रात्रीची पाने साडेसातला मांडली जाऊ लागली. सात तास झोप होऊ लागली. वडापाव मिळतच नव्हता. सप्टेंबरात रक्तदाब मोजला तर १३२, ८४. गोळी तीच, माणूस तोच, बातम्या ऐकून काळजी तर पूर्वीपेक्षा जास्त.

डॉक्टरांना नवल वाटले नाही. शरीराला स्वतःचे घड्याळ असते. त्याची यंत्रणा उलगडणाऱ्या तिघांना २०१७ चे नोबेल मिळाले आहे. तोच भात दुपारी खाल्ला तर रक्तातली साखर जेवढी चढते, त्याहून रात्री उशिरा खाल्ला तर जास्त चढते. जेवून तासाभरात आडवे झाले की आम्ल वर घशाशी येते. रात्रीच्या शांत झोपेत रक्तदाब साधारण दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो आणि हृदयाला तेवढीच विश्रांती मिळते. पाच तासांच्या झोपेत, त्यातही भरल्या पोटी, ती विश्रांती अर्धवटच राहते. आम्ही ताटात काय आहे यावर भांडत होतो. ताट किती वाजता मांडले जाते, हे कोणी पाहतच नव्हते.

१५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस घेतलेल्यांना लोकल खुली झाली. दिवाळीपर्यंत मी पुन्हा १५० वर. त्या तपासणीला सौ. सोबत आली होती. माझा पट्टा सोडून डॉक्टर सहज म्हणाले, “वहिनी, तुमचंही बघू या.” ती नको नको म्हणत होती. १५८, ९८. त्यांनी पुन्हा मोजले, आठवड्याने पुन्हा. आकडा तोच. चार वर्षे ती माझे मीठ मोजत होती आणि तिच्या पर्समध्ये अॅसिडिटीच्या गोळ्यांची पाकिटे होती. ती मी पाहिली होती. विचारले मात्र कधी नव्हते.

त्या रात्री दहाला जेवताना घरात कोणी फारसे बोलले नाही. नंतर मुलगीच म्हणाली, “बाबा, तू संध्याकाळी ऑफिसातच का जेवत नाहीस?”

उपाय एवढाच होता. आता मी दोन डबे नेतो. दुसरा संध्याकाळी साडेसहाला, ऑफिसातून निघण्यापूर्वी खातो : दोन पोळ्या, उसळ किंवा भाजी, काकडी. सुरुवातीला सहकारी हसले, आता चौघे जण सोबत बसतात. डोंबिवलीला उतरतो तेव्हा पोट भरलेले असते आणि वडापावच्या कढईसमोरून मी सरळ चालत जातो. सरळ म्हणजे, बहुतेक वेळा. रिक्षाची रांग टाळून घरी चालत यायला पंचवीस मिनिटे लागतात. घरी आल्यावर ताक किंवा एखादे फळ. सौ. ठाण्याहून सातला येते आणि आई-मुलीबरोबर साडेसातला जेवते. माझ्यासाठी थांबत नाही. ‘नवरा आल्याशिवाय पान घ्यायचं नाही’ ही आमच्या घरची रीत आईनेच मोडीत काढली. म्हणाली, “मी थांबायचे ते तुझे आजोबा सातला घरी यायचे म्हणून. दहाला आले असते तर मी कशाला थांबले असते?”

सकाळची भाजी मी करतो. पहिले महिनाभर ती करपट, कच्ची किंवा आळणी होई. आळणी तर हवीच होती म्हणा. पोळ्या गल्लीतल्या पोळी-भाजी केंद्रातून येतात. डोंबिवलीत ही केंद्रे दर शंभर पावलांवर आहेत आणि विकतच्या पोळीची लाज वाटण्याचा काळ कधीच संपला आहे. विकतची भाजी मात्र आणत नाही, मीठ-तेल आपल्या हातात राहत नाही.

मिठाचे गणित सोपे आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, माणशी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, स्वयंपाकातले, पावातले, फरसाणातले सगळे धरून. आपण भारतीय त्याच्या दुपटीच्या आसपास खातो. पापडात मीठ असतेच, पापडखारातही सोडियम असते. लोणचे, सांडगे, मिरचीचा खर्डा हे सगळे ‘तोंडी लावणे’, पण हिशेब तिथेच बिघडतो. अमेरिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डॅश’ नावाच्या प्रयोगात, मीठ न घटवताही, केवळ भाज्या, फळे आणि कमी स्निग्धांशाचे दूध-दही वाढवून उच्च रक्तदाबाच्या लोकांचा वरचा आकडा सरासरी अकराने उतरला. ते ताट मी वाचले तेव्हा ओळखीचे वाटले. पालेभाजी, उसळ, कोशिंबीर, ताक. आजीच्या ताटातून लोणचे-पापड उचलले की उरते तेच. मामलेदार मिसळ मी सोडलेली नाही. महिन्यातून एकदा ठाण्याला उतरतो, आणि तर्री जपून घेतो.

राहिला मनाचा भाग. शेजाऱ्यांनी डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ वाचायला दिले. १९९५ मध्ये, चाळिशीतच, हृदयविकाराचा झटका आलेल्या डॉक्टरने स्वतःच्या आयुष्याची केलेली ती तपासणी आहे. ती वाचून मी चालणे आणि श्वसन नियमित केले. सौ. ठाण्यातल्या एका योगवर्गाला जाऊ लागली. त्या शहराला ही परंपरा आहे. घंटाळी मित्र मंडळ कित्येक वर्षे योग शिकवते आहे आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली मानसिक आरोग्यासाठी आय.पी.एच. ही संस्था तिथेच उभी केली. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती आम्हा लोकांपर्यंत मराठीतून पोहोचली ती अशा मंडळींमुळे. ‘माझी गाडी वेळेवर आलीच पाहिजे’ आणि ‘आली तर बरे होईल’ या दोन वाक्यांत रक्तदाबाचे पाच-दहा अंक असतात, असे मला स्वतःवरून वाटते.

पण याला मर्यादा आहे. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळ वळणावर दारातले प्रवासी गाड्यांतून खाली पडले, काहींचा जीव गेला. दारात लटकणाऱ्याला दीर्घ श्वास घ्या असे सांगणे ही थट्टा आहे. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २०२२ मध्ये सुरू झाली, ती यायलाच किती वर्षे गेली! ज्या कचेऱ्यांनी २०२० मध्ये घरून काम करवून घेतले, त्यांना आठवड्यातून दोन दिवस तरी ते पुन्हा का जमू नये, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही. माझ्या कचेरीत मी अर्ज दिला. उत्तर आलेले नाही.

गेल्या महिन्यात आम्ही दोघे तपासणीला गेलो. मी १३४, ८६. तिचे १३०, ८२. दोघांच्याही गोळ्या चालू आहेत, तिची मात्रा डॉक्टरांनी निम्म्यावर आणली. पर्समधली अॅसिडिटीची पाकिटे संपली, पुन्हा आणली नाहीत. ती आता पावणेसहाला उठते. मी तोवर दुधी चिरून फोडणीला टाकलेला असतो. परवा त्यात हिंग घालायचा राहिला. तिने डबा भरताना वास घेतला, काही न बोलता हिंगाची डबी माझ्यासमोर ठेवली आणि चहा करायला वळली.