ब्रेबर्न क्रीडांगण पाहावयास जाताना

मुंबईस दोन दिवसांसाठी आलेला पाहुणा राणीची बाग पाहतो, गेट वे ऑफ इंडिया पाहतो, वेळ उरलाच तर वस्तुसंग्रहालयात डोकावतो. एखादे क्रीडांगण मुद्दाम पाहावयास जावे असे त्याच्या मनात सहसा येत नाही. क्रीडांगण म्हणजे सामन्याच्या दिवशी गर्दी करावयाची जागा, एरवी तेथे गवताखेरीज पाहण्यासारखे काय असणार, असा आपला समज असतो. आज मी आपणांस चर्चगेटजवळच्या ब्रेबर्न क्रीडांगणाकडे नेणार आहे. तेथे कसे जावे आणि काय पाहावे हे तर सांगेनच. परंतु त्याबरोबर एक प्रश्नही आपल्या हाती देईन. तो प्रश्न असा, की या मैदानावर बसावयास जागा कोणाला मिळाली आणि कोणाला मिळाली नाही?

प्रथम वाटेविषयी. पश्चिम रेल्वेने येणाऱ्यास काहीच कष्ट नाहीत. चर्चगेट हे अखेरचे स्थानक. दक्षिणेकडील दाराने बाहेर पडावे, वीर नरिमन मार्गावर यावे आणि समुद्राच्या दिशेने चालू लागावे. चारपाच मिनिटांत डाव्या हातास क्रीडांगणाची भिंत लागते. २०२५ सालापासून भुयारी मेट्रोचेही चर्चगेट स्थानक झाले असल्यामुळे अंधेरीच्या बाजूने येणाऱ्यांस दुसरी सोय झाली आहे. पुणे, नाशिक, कल्याण इकडून येणाऱ्यांनी दादरला गाडी बदलावी असे कोणीही सांगेल. माझा सल्ला मात्र निराळा आहे. त्यांनी सरळ छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरावे आणि पायी जावे. वाट अर्ध्या तासाची आहे, आणि ब्रेबर्नचा इतिहास ब्रेबर्नच्या दाराशी सुरू होत नसून या वाटेवरच सुरू होतो.

स्थानकातून निघून आझाद मैदानाच्या कडेने दक्षिणेकडे चालत गेले म्हणजे मैदानाच्या टोकाशी बॉम्बे जिमखान्याची उतरत्या छपरांची इमारत दिसते. हा जिमखाना १८७५ सालचा. भारतात खेळलेला पहिला कसोटी सामना १९३३ सालच्या डिसेंबरात याच मैदानावर झाला. कर्नल सी. के. नायडू आपले कर्णधार, जार्डिन इंग्रजांचे. लाला अमरनाथ यांनी आपल्या पहिल्याच कसोटीत ११८ धावा केल्या त्या येथेच. प्रेक्षकांसाठी पक्की बांधणी नव्हती, तात्पुरते मंडप घालून बैठका केल्या होत्या. ज्या जिमखान्याच्या मैदानावर हिंदी संघ आपल्या देशातील पहिली कसोटी खेळला, त्या जिमखान्याचे सभासदत्व त्या काळी हिंदी माणसास मिळत नव्हते. मैदानावर उतरावयास मोकळीक, क्लबात बसावयास मात्र नाही, असा तो न्याय होता.

हा न्याय केवळ साहेबाचाच होता असे मात्र कोणी समजू नये. पळवणकर बाळू हे नाव आपणांपैकी पुष्कळांनी ऐकले असेल. डावखुरे गोलंदाज, १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर शंभराहून अधिक बळी घेणारे. जातीने ते अस्पृश्य मानलेल्या समाजातले. पुण्यात हिंदूंच्या संघातून खेळत असताना त्यांच्या चेंडूला कोणाची हरकत नव्हती, परंतु चहा त्यांना बाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यातून मिळे. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्यास कधी आले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांस मिळाले. तेव्हा जिमखान्यासमोर उभे राहून साहेबास दोष देताना आपल्याही घरातील पंगत आठवावी, एवढेच माझे सांगणे.

आता महात्मा गांधी मार्ग ओलांडावा. फॅशन स्ट्रीटची कपड्यांची दुकाने मागे टाकून क्रॉस मैदानातील पायवाटेने तिरपे गेले की आपण चर्चगेट स्थानकाशी येतो, आणि तेथून वर सांगितल्याप्रमाणे ब्रेबर्नशी.

ज्या जमिनीवर आपण आता उभे आहोत ती एके काळी समुद्र होती. बॅकबे येथे भराव घालून ती मिळविली आहे. १९३३ साली स्थापन झालेल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियास स्वतःचे पक्के क्रीडांगण हवे होते, आणि जागा सरकारच्या हाती होती. क्लबाचे कार्यकर्ते अँथनी डिमेलो यांनी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड ब्रेबर्न यांस विचारले, की आपणांस तिजोरीत पैसा हवा की आपले नाव अमर व्हावयास हवे, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, जमीन मिळाली आणि नावही लागले. १९३६ च्या मे महिन्यात कोनशिला बसली आणि १९३७ च्या डिसेंबरात लॉर्ड टेनिसन यांच्या संघाशी सामना होऊन क्रीडांगणाचे उद्घाटन झाले. क्रिकेटसाठी बांधलेले भारतातील हे पहिले पक्के क्रीडांगण होय.

पक्के क्रीडांगण झाले, आता जागेचा तंटा मिटला, असे वाटावयाचे. झाले उलटेच. मुंबईत त्या काळी युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान असे चार संघ दरवर्षी सामने खेळत. १९३७ साली त्यांत ख्रिस्ती आदी इतर समाजांचा पाचवा संघ आला, सामने नव्या क्रीडांगणावर आले, आणि पहिल्याच वर्षी हिंदू संघाने अंग काढून घेतले. कारण काय? हिंदू जिमखान्यास बैठकांचा पुरेसा वाटा मिळाला नाही, हे! पुढे तंटा मिटून सामने पुन्हा रंगले. १९४३ साली याच मैदानावर विजय मर्चंट यांनी हिंदू संघाकडून नाबाद २५० धावा केल्या, आणि त्याच सामन्यात इतरांच्या संघाकडून विजय हजारे यांनी एकूण ३८७ पैकी ३०९ धावा एकट्याने काढल्या. त्यांचे बंधू विवेक हे दुसऱ्या टोकास उभे होते. दोघांनी मिळून ३०० धावांची भागी केली, त्यांत विवेक यांच्या धावा होत्या २१! जातवार संघ असावेत हे महात्मा गांधींस मान्य नव्हते, आणि १९४० सालीच त्यांनी आपले मत स्पष्ट बोलून दाखविले होते. १९४६ नंतर ते सामने बंद पडले. ते बंद झाले हेच योग्य झाले. तथापि त्या धावा खऱ्या होत्या, हेही तितकेच खरे.

ब्रेबर्नवर पहिली कसोटी झाली ती १९४८ च्या डिसेंबरात, वेस्ट इंडीजशी. दोनच महिन्यांनी त्याच संघाशी येथे दुसरी कसोटी झाली आणि शेवटच्या दिवशी ३६१ धावांचा पाठलाग करताना आपण ३५५ वर थांबलो. सहा धावा उरल्या होत्या, आणि पंचांनी घाई केली नसती तर थोडा वेळही उरला असता. माझ्या वडिलांच्या पिढीने ही सहा धावांची हळहळ जन्मभर सांभाळली.

आता थोडे घरचे सांगतो. १९७३ सालच्या फेब्रुवारीत इंग्लंडचा संघ येथे खेळावयास आला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. माझे वडील एका गिरणीत कारकून होते. त्यांनी खटपट करून एका दिवसाचे तिकीट मिळविले; पण ते एकच. सकाळी आम्ही दोघे चर्चगेटला उतरलो. डबा त्यांनी माझ्या हाती दिला आणि म्हणाले, "तू आत जा. मी येथे सावलीत बसून ऐकतो."

"अण्णा, तिकीट तुम्ही काढले आहे," मी म्हणालो.

"मी पुष्कळ पाहिले आहे," ते म्हणाले. ते खरे नव्हते, हे मला फार पुढे कळले.

त्या दिवशी विश्वनाथचे शतक पुरे झाले. साडेसहा फूट उंचीचा टोनी ग्रेग, प्रतिपक्षाचा गडी, पुढे आला आणि त्याने चणीने लहान अशा विश्वनाथला तान्ह्या मुलासारखे उचलून हातांत झुलविले. मैदान हसले, टाळ्या थांबेनात. सायंकाळी बाहेर आलो, तेव्हा अण्णा भिंतीलगत दहापंधरा अनोळखी माणसांच्या घोळक्यात, कोणाच्या तरी ट्रान्झिस्टरपाशी उभे होते. त्यांना धावसंख्या माझ्यापेक्षा नीट ठाऊक होती. त्यांनी एवढेच विचारले, "त्याने त्याला खरेच उचलले का रे? कसे उचलले?" मी चर्चगेटच्या फलाटावर हात पुढे करून ते दाखविले. पुढे गाडीत त्यांनी मला ते आणखी दोनदा दाखवावयास लावले.

त्या कसोटीनंतर ब्रेबर्नवर छत्तीस वर्षे कसोटी सामना झाला नाही. कारण ऐकाल तर पुन्हा तेच. तिकिटांत आणि बैठकांत वाटा किती, यावरून क्रिकेट क्लब आणि मुंबई क्रिकेट असोसिएशन यांचे बिनसले. असोसिएशनचे अध्यक्ष बॅरिस्टर शेषराव वानखेडे यांनी दुसरे क्रीडांगणच उभारावयाचे ठरविले. १९७५ च्या जानेवारीत तेथे पहिली कसोटी झाली. ते वानखेडे क्रीडांगण येथून पाऊण किलोमीटरवर, चर्चगेट आणि मरीन लाइन्स यांच्या मधोमध, आगगाडीच्या खिडकीतूनही दिसते. २०११ सालचा विश्वचषक आपण जिंकलो तो त्याच मैदानावर. म्हणजे पाहा, एका मैलाच्या आत ही तीन मैदाने. पहिल्यावर आपणांस बसू देत नव्हते, दुसऱ्यावर कोणी किती बसावे याचा तंटा, आणि तिसरे त्या तंट्यातूनच जन्मास आलेले. तिन्ही एका सकाळी पायी पाहून होतात.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. ब्रेबर्न आजही क्लबाच्या मालकीचे आहे. सामना नसेल त्या दिवशी सभासद आणि त्यांचे पाहुणे यांनाच आत प्रवेश असतो. इतरांस बाहेरची भिंत पाहूनच परतावे लागते. म्हणून वृत्तपत्रात पाहून सामन्याचा दिवस निवडावा. येथे आता सुमारे वीस हजार माणसे बसतात, त्यामुळे खेळाडू जवळून दिसतो, आणि हे या मैदानाचे मोठेच सुख आहे. बैठक निवडताना सूर्याचा विचार करावा. पश्चिमेस समुद्र असल्यामुळे पूर्वेच्या बाजूस बसणाऱ्यांच्या डोळ्यांवर दुपारनंतर ऊन येते. पश्चिमेच्या बाजूस सायंकाळी लवकर सावली होते. मुंबईत क्रिकेट पाहावयास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले. पिशव्या, बाटल्या दारावर अडवितात, म्हणून ओझे घरीच ठेवावे. खेळ सुटल्यावर लगेच स्थानकाकडे धावू नये. वीर नरिमन मार्गाने समुद्रापर्यंत जावे, अर्धा तास कठड्यावर बसावे. तोवर गाड्यांची गर्दी ओसरते.

२००९ साली वानखेडेची पुनर्बांधणी चालू होती, तेव्हा ब्रेबर्नवर एक कसोटी परत आली. सेहवागने २९३ धावा केल्या आणि त्या विजयाने भारत कसोटी क्रमवारीत प्रथमच पहिला आला. अण्णा तेव्हा हयात नव्हते.

२०२३ सालच्या मार्चमध्ये मुलींच्या प्रीमियर लीगचा अंतिम सामना येथे झाला. माझ्या नातीस पाहावयाचा होता. तिच्या आईने तिकिटे काढली, आणि ती दोन काढली. मी सवयीने म्हणालो, "तू आत जा, मी बाहेर थांबतो." ती म्हणाली, "आजोबा, तुमची जागा माझ्या शेजारची आहे." आम्ही दोघे आत गेलो. मुंबईच्या मुली जिंकल्या. परंतु माझे लक्ष मधूनमधून त्या भिंतीकडे जात होते, जिच्यापलीकडे पन्नास वर्षांपूर्वी एक गृहस्थ दुसऱ्याच्या ट्रान्झिस्टरला कान लावून उभे होते.

श्रोतेहो, आपण ब्रेबर्नला जाल तेव्हा जाताना जिमखान्याशी क्षणभर थांबा, आणि येताना त्या भिंतीशी थांबा. आतील खेळाचा इतिहास पुस्तकांत मिळतो. भिंतीबाहेर उभे राहून ज्यांनी हा खेळ आपलासा केला त्यांचा इतिहास मात्र घराघरांत आहे. तो आपल्या घरी कोणास आठवत असेल तर त्यास अवश्य विचारून घ्या. आणि साधेल तर पुढील सामन्यास तिकिटे दोन काढा.