रोजा, उपवास आणि वेळेवरचा इशारा

तुळजापूरच्या नवरात्रातला उपवास असो की धाराशिवच्या मोहल्ल्यातला रोजा, रिकाम्या पोटी जाणारा पहिला घास चोखच हवा. मराठवाड्यात उपवासाच्या भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. अशा वेळी सरकारने गप्प बसायचे नसते. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ चे कलम १८ सांगते : पदार्थापासून आरोग्याला धोका असल्याचा रास्त संशय आला, तर पदार्थ कोणता, धोका काय, उपाय काय, हे अन्न सुरक्षा आयुक्तांनी लोकांना कळवावे. कलम ३० नुसार ते राज्यात एक वर्षापर्यंत बंदीही घालू शकतात.

मात्र या अधिकारालाही लगाम आहे. २०१५ च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मॅगीवरील बंदी रद्द केली. कंपनीचे म्हणणे ऐकले नव्हते, तपासणीही मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत झाली नव्हती. बड्या कंपनीला कोर्ट गाठता येते. खजूर विकणाऱ्या गाडेवाल्याचा महिना मात्र एका अफवेने बुडतो.

म्हणून मोबाइलवरचा संदेश पुढे पाठवण्याआधी तो अन्न व औषध प्रशासनाचा आहे का, हे पाहा. इफ्तारनंतर किंवा फराळानंतर त्रास झाला, तर दवाखान्यात जा आणि प्रशासनालाही कळवा. खरा इशारा तिथूनच निघतो.