लेण्यांतल्या अंधाराला कुठली लेन्स?

या आठवड्यात टेलिफोटोची पाळी होती. ती पुढे ढकलली आहे, कारण एका वाचकाचं पत्र. त्यांच्याकडे निकॉनचा डी३५०० आहे आणि त्यासोबत आलेली १८-५५ची किट लेन्स. अजिंठ्याला जाऊन आले, पण पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचा एकही फोटो धड नाही, सगळे हललेले. आता फुल फ्रेम बॉडी घ्यावी का, असं ते विचारतात.

मुळीच नको. बॉडी चांगली आहे, आणि अंधाराचा प्रश्न त्याहून कितीतरी कमी पैशांत सुटतो.

अजिंठ्यात फ्लॅशला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. हे रंग दीड हजार वर्षांचे आहेत. त्यांच्यावर रोज शेकडो फ्लॅश पडू देणं कुणालाही परवडणारं नाही. ट्रायपॉडसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, म्हणजे सहलीला गेलेल्याने ट्रायपॉड विसरलेलाच बरा. आणखी एक खबरदारी आत शिरण्यापूर्वीच घ्यावी. ऑटो मोडवर असलेला डीएसएलआर अंधार दिसताच स्वतःहून फ्लॅश वर करतो. त्यामुळे डायल आधीच ‘ए’वर आणावी (कॅननवर ‘एव्ही’) आणि फोकससाठी पेटणारा छोटा दिवाही मेन्यूतून बंद करावा.

या अंधाराशी झुंजणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. रॉबर्ट गिल १८४४ च्या सुमारास चित्रांच्या नकला करायला अजिंठ्यात आला आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिला. ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’मुळे मराठी वाचकाला गिल आणि त्याची प्रेयसी पारो ठाऊक असतात, गिल फोटोग्राफरही होता, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. त्याने काढलेले ७४ फोटो असलेलं लेण्यांवरचं पुस्तक जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह १८६४ मध्ये निघालं. दोनच वर्षांनी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तिथे मांडलेल्या गिलच्या तैलरंगांतल्या नकलांपैकी बहुतेक जळाल्या. १८७९ मध्ये गिल वारला. त्याची कबर भुसावळला आहे. अगदी अलीकडे, १९९० च्या दशकात, बिनॉय बहल यांनी फ्लॅश न वापरता, आहे त्या मंद उजेडातच ही चित्रं फिल्मवर टिपली. त्यांचं पुस्तक ग्रंथालयात मिळालं तर अजिंठ्याला जाण्याआधी जरूर चाळावं. कुठल्या लेण्यात काय पाहायचं हे त्यातून जितकं कळतं, तितकं कुठल्याही माहितीफलकावरून कळत नाही.

आता हिशेब. किट लेन्स ३५ मिलिमीटरवर आणली की तिचं अ‍ॅपर्चर फार तर एफ/४.५ पर्यंत उघडतं. निकॉनची ३५ मिलिमीटर एफ/१.८ डीएक्स ही प्राइम लेन्स (२००९ पासूनची, वजन जेमतेम २०० ग्रॅम) त्याच जागी सहापट प्रकाश आत घेते. जिथे किट लेन्सला सेकंदाचा आठवा भाग लागतो, तिथे हिला पन्नासावा भाग पुरतो. आयएसओ १६०० किंवा ३२०० ठेवला, तर हातात धरून स्वच्छ फोटो येतो.

पण पत्र लिहिणाऱ्या वाचकांनी दुकानात जाण्याआधी घरची लेन्स नीट पाहावी. तिच्यावर ‘व्हीआर’ ही अक्षरं असली, तर त्यांचं अर्धं काम फुकटात होणार आहे. व्हीआर हाताची थरथर सावरतं. समोरचा माणूस हलला तर ते काहीच करू शकत नाही, पण पद्मपाणी जागचा हलत नाही! लेन्स १८ वर, अ‍ॅपर्चर एफ/३.५, कोपरं अंगाशी घट्ट, श्वास रोखून सेकंदाचा आठवा भाग, आणि एकापाठोपाठ पाच-सहा फोटो. त्यांतला एखादा हमखास चांगला निघतो. भिंतीवरच्या चित्रासाठी व्हीआर आणि माणसांसाठी मोठं अ‍ॅपर्चर, इतका हा सरळ भेद आहे. पंढरीच्या वाटेवर रात्री रंगलेलं कीर्तन टिपायचं तर व्हीआरचा उपयोग नाही; तिथे एफ/१.८ लागतंच.

मग सगळे सुचवतात ती पन्नासची प्राइम का नको? गेल्या आठवड्यातला क्रॉपचा (म्हणजे लहान सेन्सरचा) हिशेब इथे लावून पाहावा. तीन मीटरवरून ३५ ची लेन्स भिंतीचा सुमारे दोन मीटर रुंद भाग घेते, तर ५० ची जेमतेम १.४ मीटर. लेण्यात मागे सरकावं तर खांब, नाहीतर शाळेची सहल. चेहऱ्यांसाठी ५० सुंदर आहे, लेण्यासाठी अडचणीची.

शिवाय जुन्या बाजारात एक फसगत ठरलेली. मुंबईत बोरा बाजारात निकॉनची ५० मिलिमीटर एफ/१.८डी स्वस्तात मिळते आणि हातात घेतली की मोह होतो. पण तिला फोकसची मोटर नाही. ती बॉडीतल्या मोटरवर चालते आणि डी३५००, डी५६०० यांसारख्या बॉडींत ती मोटरच नसते. अशा कॅमेऱ्यावर फोकस हातानेच करावा लागतो. नावात ‘एएफ-एस’ असेल तरच घ्यावी. जुनी लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च मागून लावून आरपार पाहावं: कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत वापरलेल्या लेन्समध्ये ती सर्रास असते. दुकानदार ‘साफ होईल’ म्हणाला, तरी लेन्स परत ठेवावी.

कॅननवाल्यांची थोडी पंचाईत आहे. त्यांच्या क्रॉप कॅमेऱ्यांसाठी कॅननने स्वस्त ३५ एफ/१.८ काढलीच नाही. २४ मिलिमीटर एफ/२.८ ही १२५ ग्रॅमची चपटी लेन्स आहे, पण तिच्यात व्हीआरसारखी सोय नाही (कॅनन तिला ‘आयएस’ म्हणतं) आणि किट लेन्सच्या तुलनेत ती दुप्पटच प्रकाश घेते. निव्वळ लेण्यांसाठी ती विकत घ्यावी असं या लेखमालेला वाटत नाही. आयएस असलेली किट लेन्स आणि रॉ फाइल यांवर त्यांनी निभावून न्यावं.

अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. टेलिफोटोत ७०-३०० की ५५-२५०, हे पुढच्या आठवड्यात.